वसंत लवकर येतो, पण त्याने खोड जाड होते का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. झाड हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन अन्न तयार करते, हे आपण शाळेत शिकलो. तो वायू आता हवेत पुष्कळ वाढला आहे आणि थंड प्रदेशांतले हिवाळे आखूड झाले आहेत. मग अमेरिका-युरोपातल्या समशीतोष्ण जंगलांतली झाडे पूर्वीपेक्षा जोमाने वाढत असली पाहिजेत. मोजमापांत तसे दिसते का, आणि आपल्या हिमालयातल्या देवदारालाही हाच न्याय लागू होतो का?

काही ठिकाणी, काही जातींत आणि काही काळापुरते तसे दिसते. परंतु ‘अन्न वाढले की लाकूड वाढले’ हा जो दुवा प्रश्नात गृहीत धरला आहे, तोच कच्चा आहे. मी वीसेक वर्षे वृक्षवलयांवर, म्हणजे खोडात दरवर्षी पडणाऱ्या लाकडाच्या कड्यांवर, काम करतो आहे. त्यातली बरीच वर्षे ईशान्य अमेरिकेच्या पानझडी जंगलांत गेली आणि सुरुवातीचे काही हंगाम हिमाचलात. या काळात आमच्या विषयाची समजूत ज्या बाबतीत सर्वांत अधिक बदलली ती हीच, म्हणून उत्तराचा मोठा भाग तिच्यासाठी ठेवतो.

खोडाची जाडी वाढते ती सालीच्या लगेच आत असलेल्या एका अतिशय पातळ, जिवंत थरामुळे. त्याला ऊतककर म्हणतात; कॅम्बियम हा शब्दही रूढ आहे. या थरातल्या पेशींचे विभाजन होते, आतल्या बाजूला पडलेल्या पेशी पाण्याच्या दाबाने फुगून मोठ्या होतात, मग त्यांच्या भिंती जाड होतात, त्यांत लिग्निन हे लाकडाला कडकपणा देणारे द्रव्य भरते आणि अखेरीस त्यांतील बहुतेक पेशी मरून त्यांचे लाकूड बनते. यासाठी लागणारी साखर पाने पुरवतात हे खरे, पण विभाजनाला ऊब लागते आणि फुगण्याला पाणी. तापमान सुमारे ५ अंश सेल्सियसच्या खाली गेले की नव्या पेशी तयार होणे जवळजवळ थांबते, आणि झाडाला पाण्याचा ताण बसू लागला की पानांतले प्रकाशसंश्लेषण मंदावण्याच्या आधीच पेशींचे फुगणे थांबते. कोठीत धान्य भरलेले असले तरी चूल पेटलेली नसेल तर स्वयंपाक होत नाही, तशातला हा प्रकार आहे. स्वित्झर्लंडमधल्या झाडांवर बसवलेल्या स्वयंचलित मापकांच्या नोंदींचे विश्लेषण २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात खोडाची वाढ मुख्यतः रात्री होते असे दिसले, कारण रात्री हवा दमट असते आणि पेशींना फुगण्याइतके पाणी खोडात शिल्लक राहते. पान दिवसा कमावते आणि खोड रात्री वाढते, ही दोन कामे वेगवेगळ्या अटींवर चालतात, एवढे लक्षात ठेवले तर पुढचे सगळे समजायला सोपे जाईल.

आता आखूड हिवाळ्याकडे वळू. वसंत लवकर आला की पाने लवकर फुटतात, हे उपग्रहांच्या प्रतिमांत आणि जमिनीवरच्या नोंदींतही स्पष्ट दिसते. त्यावरून हंगाम लांबला, म्हणजे वाढही अधिक झाली, असा निष्कर्ष बराच काळ सरसकट काढला जात असे. तो पडताळायचा तर खोडाची वाढ वर्षाअखेरीस एकदा नव्हे, तर हंगामभर दर आठवड्या-दोन आठवड्यांनी मोजावी लागते. त्यासाठी आम्ही छातीच्या उंचीवर खोडाभोवती स्टेनलेस स्टीलची अरुंद पट्टी बसवतो. पट्टीची दोन टोके एका स्प्रिंगने ओढून धरलेली असतात आणि पट्टीला एक लहान खिडकी ठेवलेली असते. खोड फुगले की खिडकी रुंदावते आणि ती रुंदी व्हर्नियर कॅलिपरने ०.०१ मिलिमीटरपर्यंत मोजता येते. (लेथवर काम करणाऱ्याच्या खिशात असते तेच हे साधन.) पट्टी सालीवर नीट बसायला बहुधा पहिला हंगाम जातो, त्यामुळे त्या वर्षीच्या आकड्यांवर विसंबता येत नाही. शिवाय खोड दिवसा पाणी गमावून किंचित आकसते आणि रात्री पुन्हा भरते, म्हणून फेरी शक्यतो पहाटे, तीही ठरलेल्या वेळी करावी लागते. मुसळधार पावसानंतरच्या सकाळी घेतलेली नोंद पाहून वाढ झाली असे समजणे ही नवशिक्यांची ठरलेली चूक आहे. ती वाढ नसते, साल भिजून फुगलेली असते.

अशा पट्ट्यांच्या नोंदींवर आधारलेला जो अभ्यास २०२२ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला, तो या विषयात रस असणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावा असा आहे. व्हर्जिनियातले एक संशोधनवन आणि मॅसॅच्युसेट्समधल्या पीटरशॅम गावचे हार्वर्ड फॉरेस्ट, या दोन ठिकाणच्या ४४० पानझडी झाडांचा हंगामभराचा वाढीचा आलेख त्यात तपासला आणि त्याला पूर्व उत्तर अमेरिकेतल्या १०८ जंगलांमधील २०७ वलयमालिकांची (अनेक झाडांची वलये वर्षवार जुळवून केलेल्या नोंदींची) जोड दिली. वसंत उबदार असेल तेव्हा खोडाची वाढ लवकर सुरू झाली आणि वाढीचा सर्वांत वेगवान टप्पाही लवकर आला. पण वर्षाअखेरीस मोजलेली एकूण वाढ त्यामुळे अधिक भरली नाही. म्हणजे सगळा हंगाम कॅलेंडरवर थोडा आधीच्या तारखांकडे सरकला, पण त्यात लाकडाची भर पडली नाही. वलयाची रुंदी ठरवण्यात वसंतापेक्षा जून-जुलैच्या, म्हणजे ऐन उन्हाळ्याच्या हवामानाचा वाटा अधिक ठामपणे दिसला, आणि बहुतेक ठिकाणी तो उलट दिशेचा होता: उन्हाळा जितका तापलेला, तितके वलय अरुंद.

हे का होते, याचे एक कारण वर आलेच. दुसरे असे की अनेक जातींत खोडाच्या वाढीचे वेळापत्रक काही अंशी आतूनच ठरलेले असते. सर्वांत वेगवान वाढ वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवसाच्या आसपास होते आणि पाने शरदापर्यंत हिरवी असली तरी खोड त्याच्या पुष्कळ आधी थांबते. तिसरे कारण पाण्याचे आहे. पाने लवकर फुटली म्हणजे जमिनीतल्या ओलाव्याचा उपसाही लवकर सुरू झाला, आणि त्याची किंमत उन्हाळ्यात मोजावी लागते. यात जातीजातींत फरक आहेत. ओकमध्ये पाने उलगडण्याआधीच पाणी वाहणाऱ्या मोठ्या नळ्यांची एक रांग तयार होते आणि तिचा खर्च आदल्या वर्षीच्या साठ्यातून भागवला जातो. गुळगुळीत घासलेल्या ओकच्या लाकडात साध्या भिंगानेही ती रांग दिसते, चाळणीची भोके एका ओळीत मांडावीत तशी. म्हणून ओकच्या वलयात चालू वर्षाइतकेच गेल्या वर्षाचेही हवामान वाचावे लागते. मेपल आणि बीचमध्ये नळ्या वलयभर विखुरलेल्या असतात आणि त्यांची वाढ पाने फुटल्यावर जोर धरते.

येथे एक शंका रास्त आहे. त्याच हार्वर्ड फॉरेस्टमध्ये १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून उंच मनोऱ्यावरून जंगल आणि हवा यांच्यातली कार्बनची देवघेव मोजली जाते, आणि १९९२ ते २०१५ या काळात तिथल्या जंगलाचा कार्बन शोषण्याचा वेग जवळजवळ दुप्पट झाल्याचे आढळले आहे. मग वाढ झाली नाही असे कसे म्हणायचे? याचे उत्तर त्या जंगलाच्या इतिहासात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत न्यू इंग्लंडची, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य टोकाच्या राज्यांची, बहुतांश जमीन शेती आणि कुरणांसाठी मोकळी केलेली होती; पुढे शेतकरी पश्चिमेकडे आणि शहरांकडे गेले, पडीक शेतांवर पुन्हा जंगल उगवले, त्यावर कुऱ्हाड चालली आणि १९३८ च्या चक्रीवादळाने उरलेले बरेच आडवे केले. आज तिथे जोमाने वाढणारे लाल ओक हे शंभरेक वर्षांचे, अजून भरात असलेले वृक्ष आहेत. त्या वाढीत उबेचा आणि लांबलेल्या हंगामाचाही वाटा आहेच, पण मूळ भांडवल सावरणाऱ्या जंगलाचे आहे. आजही तिथल्या दाट झाडीत चालताना दगडी बांध आडवे येतात, शेतांच्या हद्दी दाखवणारे, आणि ते पाहिल्याशिवाय कोणत्याही आलेखाचा अर्थ लावू नये असे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगत आलो आहे.

कार्बन डायऑक्साइडचा प्रश्न प्रयोगांनी बराच उलगडला आहे. हवाई बेटावरच्या मौना लोआ येथे १९५८ मध्ये मोजणी सुरू झाली तेव्हा हवेत हा वायू दहा लाख भागांत सुमारे ३१५ भाग होता. आज तो ४२० च्या वर आहे. हवेतले प्रमाण आणखी वाढले तर काय होईल हे पाहण्यासाठी उघड्या जंगलात नळ्यांचे कडे उभारून वायू सोडला जातो. टेनेसीतल्या ओक रिज येथे स्वीटगमच्या लागवडीवर असा प्रयोग १९९८ मध्ये सुरू झाला. सुरुवातीच्या काही वर्षांत उत्पादन सुमारे २४ टक्क्यांनी अधिक भरले, पण २००८ पर्यंत ती आघाडी ९ टक्क्यांवर आली, कारण जमिनीतला नत्र अपुरा पडला. सिडनीजवळच्या परिपक्व निलगिरी जंगलात पानांनी सुमारे १२ टक्के अधिक कार्बन घेतला, पण खोडांत वाढ दिसली नाही. तो जादा कार्बन बहुतांशी जमिनीतून श्वसनावाटे परत हवेत गेला. तिथली जमीन स्फुरदाच्या बाबतीत अत्यंत गरीब आहे. याउलट इंग्लंडच्या स्टॅफर्डशरमध्ये सुमारे १८० वर्षांच्या ओकांवर २०१७ पासून चालू असलेल्या प्रयोगात सात वर्षांत लाकडाचे उत्पादन सरासरी ९.८ टक्क्यांनी अधिक आढळले. एवढे जुने वृक्षही प्रतिसाद देतात, हे मला स्वतःला अपेक्षित नव्हते. आपल्याकडच्या शेतकऱ्याला यात नवे काही वाटणार नाही: पिकाला जे कमी पडते आहे ते सोडून दुसरे कितीही दिले तरी उतारा वाढत नाही.

हिवाळ्याविषयी मात्र एक गोष्ट अशी आहे की ती बर्फ न पाहिलेल्या माणसाला पटकन पटत नाही. हिवाळा उबदार झाला की मुळांना थंडी अधिक बाजू शकते. साचलेला बर्फ जमिनीवर गोधडीसारखा पडलेला असतो. त्याच्याखाली माती गोठत नाही किंवा वरवरच गोठते. बर्फ उशिरा पडू लागला, पातळ झाला, की थंडीची लाट थेट मातीपर्यंत पोहोचते आणि उथळ, बारीक मुळे मरतात. न्यू हॅम्पशरमधल्या हबर्ड ब्रुक जंगलात हिवाळ्याच्या सुरुवातीला ठरावीक तुकड्यांवरचा बर्फ फावड्याने काढून हा प्रयोग केला गेला, आणि शुगर मेपलची वाढ पहिल्या दोन वर्षांत सुमारे ४० टक्क्यांनी घटली. लवकर फुटलेल्या पालवीचा धोका तर उघडच आहे. २०१० मध्ये ईशान्य अमेरिकेत वसंत असाच लवकर आला, आणि मे महिन्यातल्या एका कडाक्याच्या दवगोठीने मेपलची कोवळी पाने जाळून टाकली. झाडांनी साठ्यातून दुसरी पालवी काढली खरी, पण त्या वर्षीचा हंगाम हातचा गेला.

पर्यावरणातला बदल म्हटले की आज प्रत्येक जण तापमानाकडे पाहतो, आणि त्यामुळे आधीच्या पिढीने जे शिकवले ते विसरले जाते. याच हबर्ड ब्रुकमध्ये १९६३ पासून ओढ्यांच्या पाण्याची रासायनिक मोजणी चालू आहे आणि उत्तर अमेरिकेतल्या आम्लवर्षेचे स्वरूप तिथूनच जगापुढे आले. गंधकयुक्त कोळशाच्या धुरातून आलेल्या आम्लाने मातीतला कॅल्शियम अनेक दशके धुऊन नेला. १९८० च्या सुमारास तिथल्या जंगलाच्या एकूण जैवभाराची वाढ जवळजवळ थांबली. ऑक्टोबर १९९९ मध्ये एका संपूर्ण पाणलोटावर हेलिकॉप्टरने वोलास्टोनाइट या कॅल्शियमयुक्त खनिजाच्या गोळ्या पसरल्या, मातीतून गेला होता साधारण तेवढा कॅल्शियम परत देण्यासाठी. पुढच्या काही वर्षांत त्या पाणलोटातले शुगर मेपल सावरले आणि जंगलाची वाढ शेजारच्या, काहीही न घातलेल्या पाणलोटापेक्षा अधिक भरली. उंच डोंगरांवरच्या रेड स्प्रूसचे दुखणेही त्याच जातीचे होते. आम्लधुक्याने पानांतला कॅल्शियम निघून जाई, त्याने सुयांची थंडी सोसण्याची ताकद कमी होई आणि हिवाळ्याअखेर झाडे तांबडी पडत. १९७० चा स्वच्छ हवा कायदा आणि त्याच्या १९९० च्या दुरुस्त्यांनंतर धूर आटोक्यात आला, आणि एकविसाव्या शतकात रेड स्प्रूसची वलये पुन्हा रुंदावलेली दिसू लागली. वर्षानुवर्षे अरुंद होत गेलेली आणि नंतर अचानक श्वास घेतल्यासारखी मोकळी झालेली ती वलये मी भिंगाखाली पहिल्यांदा पाहिली तेव्हा वाटलेले समाधान अजून आठवते. कायद्याचा परिणाम लाकडात इतक्या थेट दिसण्याचे प्रसंग फार थोडे येतात.

ही वलये आम्ही झाड न तोडता वाचतो. पोकळ गिरमिट खोडात फिरवून पेन्सिलीपेक्षा बारीक असा लाकडाचा गाभा बाहेर काढायचा, तो खाच असलेल्या लाकडी पट्टीवर चिकटवायचा आणि अधिकाधिक बारीक पॉलिश पेपरने इतका घासायचा की एकेक पेशी दिसावी. मग वलये मोजून ती शेजारच्या झाडांशी वर्षावर्षाने जुळवायची. दक्षिण न्यू इंग्लंडच्या ओकच्या गाभ्यात १९८१ चे वलय पुष्कळदा केसासारखे बारीक असते. हवामानाची आकडेवारी हाताशी घेऊन बसलेला माणूस तिथे दुष्काळ शोधू लागतो. प्रत्यक्षात त्या वर्षी स्पॉन्जी मॉथ या पतंगाच्या अळ्यांनी लाखो एकरांवरची पाने फस्त केली होती. शेजारच्याच पांढऱ्या पाइनच्या गाभ्यात ते वलय धडधाकट असेल तर दोष हवामानाचा नाही, एवढे तरी नक्की होते. आणखी एक खबरदारी म्हणजे झाड मोठे होत जाते तसे तेवढेच लाकूड अधिक घेरावर पसरते आणि वलय आपोआप अरुंद दिसते. तेव्हा रुंदीऐवजी दरवर्षी भर पडलेले छेदक्षेत्र काढावे लागते. शिवाय आज उभी असलेली झाडे ही जगलेली झाडे आहेत. त्यांच्याबरोबर वाढून मेलेल्यांची वाढ आपल्या नमुन्यात येतच नाही, आणि वेगाने वाढणारी झाडे पुष्कळदा लवकर मरतात. ‘झाडे पूर्वीपेक्षा वेगाने वाढत आहेत’ अशी बातमी वाचली की या दोन गोष्टींची काळजी घेतली आहे का, हे मी प्रथम पाहतो.

मध्य युरोपात वाढीचा वेग खरोखर वाढल्याचा सर्वांत चांगला पुरावा आहे, कारण तिथे १८७० च्या दशकापासून तेच ते वनखंड पुन्हा पुन्हा मोजले गेले आहेत. १९६० च्या तुलनेत तिथल्या स्प्रूसची घनफळातली वाढ सुमारे १० टक्क्यांनी आणि बीचची सुमारे ३० टक्क्यांनी अधिक आढळली. त्यामागे ऊब, लांबलेला हंगाम, वायू आणि हवेतून पडणारा नत्र हे सगळे आहेत. मात्र त्याच वनखंडांतल्या लाकडाची घनता १९०० पासून ८ ते १२ टक्क्यांनी उतरली आहे. घनफळ वाढले आणि वजन तेवढे वाढले नाही, तर कार्बनच्या हिशोबात ती वाढ पूर्ण धरता येत नाही. पुढे २०१८ पासूनच्या सलग कोरड्या उन्हाळ्यांनी आणि त्यांच्यामागून आलेल्या सालकिड्यांनी जर्मनीच्या हार्त्झ डोंगरांतले स्प्रूस मैलोन्‌मैल वाळवून टाकले.

राहिला देवदार. पश्चिम हिमालयात तो आणि त्याच्यासोबतचे कैल (निळा पाइन), राई (हिमालयातला स्प्रूस) हे वृक्ष मुख्यतः हिवाळी झंझावातांनी आणलेल्या बर्फावर आणि मार्च ते मेच्या पावसावर वाढतात, पावसाळ्यावर तितकेसे नाहीत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतल्या आणि लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या संशोधकांनी तिथल्या देवदाराच्या शेकडो वर्षांच्या वलयमालिका तयार केल्या आहेत. त्यांत पुन्हा पुन्हा हेच दिसते की पावसाळ्यापूर्वीचे महिने ओले आणि थंड असतील तर वलय रुंद येते, आणि कोरडे व तापलेले असतील तर अरुंद. म्हणजे न्यू इंग्लंडच्या ओकला जून-जुलै जसा नडतो तसा देवदाराला एप्रिल-मे. खूप उंचावर, जिथे थंडी हीच मुख्य अडचण आहे, तिथल्या काही सूचिपर्णी वृक्षांची वाढ अलीकडच्या दशकांत हिवाळ्यातल्या उबेबरोबर वाढल्याचेही आढळले आहे. पण त्याच हिमालयाच्या नेपाळमधल्या भागात वृक्षरेषेवरचा (जिच्या वर झाडे उगवत नाहीत त्या उंचीवरचा) भूर्ज पावसाळ्यापूर्वीच्या ओलाव्यासाठी अडून बसतो. तेव्हा हिमाचलात गेलात आणि एखाद्या कापलेल्या देवदाराचे बूड दिसले, तर बाहेरच्या कडेची वीस-तीस वलये बोटाने चाचपून पाहा आणि गावातल्या वयस्क माणसाला विचारा की कोणत्या वर्षी बर्फ कमी पडला होता आणि बावड्या मे महिन्यातच आटल्या होत्या. त्यांना आठवलेली वर्षे आणि तुम्हाला दिसलेली अरुंद वलये पुष्कळदा जुळतील. ती न जुळली, तर त्या उतारावर कोणत्या वर्षी आग लागली आणि शेजारची झाडे कधी तोडली, हेही विचारा.